चांदणीवरची सही

त्या हिवाळ्यात आमच्या घरातला मिक्सर दोन कामांना लागायचा. सकाळी शेंगदाण्याच्या चटणीला आणि संध्याकाळी कागदाला. मम्मीने कागदाचं भांडं वेगळं काढून त्याच्या मुठीला लाल दोरा बांधला होता, आणि ते भांडं चुकूनही ओट्यावर आलेलं तिला चालत नसे. तरी एकदा ठेच्यात कागदाचा एक भिजका तुकडा निघालाच. त्यावर निळ्या शाईचं अर्धं अक्षर होतं. पप्पा त्या दिवसांत जेवताना काही बोलत नसत. त्यांनी तो तुकडा डाव्या हाताच्या बोटावर घेऊन उजेडात धरला आणि विचारलं, "हा कोणत्या विषयाचा?" मी म्हणाले, "भूगोल असेल." मम्मी भाकरी थापता थापता हसली आणि मग लगेच, हसल्याचं कोणी पाहिलं तर नाही ना, अशी तव्याकडे वळली. त्या महिन्यात आमच्याकडे हसणंसुद्धा जपून चालायचं.

आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि वर गच्ची. हायवे लांब होता, पण थंडीत ट्रकांचे आवाज जवळ यायचे. सकाळी मम्मीची बुद्धवंदना, मग नळ, मग मिक्सर, आणि नऊच्या सुमाराला पप्पांची सायकल बाहेर काढल्याचा आवाज. त्या वर्षी दिवाळीनंतर हा शेवटचा आवाज बंद झाला. पप्पा एका सरकारी कार्यालयात आवक-जावकला होते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. ते त्यावर गोल शिक्का मारायचे, शिक्क्याच्या आत नंबर आणि तारीख घालायचे, शिक्क्यावरच अर्धी येईल अशी छोटी सही करायचे आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचे. मी लहानपणी दोन-तीनदा तिथे जाऊन बसले होते. शिक्का आधी पॅडवर टेकायचा, मग कागदावर. पहिला आवाज ओला, दुसरा कोरडा. पप्पा समोरच्या माणसाशी बोलत असायचे, चहा पीत असायचे, आणि हात आपला आपण चालू असायचा. मी हे लिहिलेलं त्यांना दाखवलं तर ते सगळ्यात आधी विचारतील की यात तारीख कुठे आहे. तारीख मी मुद्दामच घातलेली नाही.

अर्धांगवायूचा झटका सकाळी चहा पिताना आला. कप हातातून सुटला, आणि कप सुटला म्हणून पप्पा हसले, तर हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला आलं. पुढचं दवाखान्याचं मी सांगत नाही. ते महिनाभराने घरी परतले तेव्हा बोलणं बऱ्यापैकी सुधारलं होतं, पाय थोडा ओढत का होईना चालत होता, चेहराही जाग्यावर आला होता. उजवा हात मात्र आला नव्हता. तो त्यांच्या मांडीवर असायचा, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला ठेवल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, नशीबवान आहात. व्यायाम शिकवायला एक मॅडम यायच्या. त्यांनी दाबायला स्पंजचा पिवळा चेंडू दिला होता. पप्पा मॅडमसमोर तो निमूटपणे दाबायचे आणि त्या गेल्या की सोफ्याखाली ढकलून द्यायचे.

मग एक दिवस ते मम्मीबरोबर बँकेत गेले. एटीएमचं कार्ड पप्पांनी कधी घेतलंच नव्हतं. त्यांचा सहीवर विश्वास होता. काउंटरवर त्यांनी उजव्या हातात पेन अडकवून स्लिपवर काहीतरी ओढलं, ते कोणालाच वाचता आलं नाही. डाव्या हाताने केलं, ते जुळलं नाही. तिथले साहेब चांगले होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शाईचं पॅड पुढे सरकवून म्हणाले, "काका, अंगठा लावा. ओळखीची दोन माणसं साक्षीला आणा. तुमची कधीच अडचण होणार नाही." पप्पा पाणी प्यायले, आभार मानून उठले आणि घरी आले. बूटही न काढता सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "अंगठा मी लावणार नाही."

मम्मी म्हणाली, "अहो, हात बरा होईपर्यंत."

"नाही म्हणजे नाही."

तिने पासबुक परत कपाटात ठेवलं, कारण तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. माझे आजोबा, पप्पांचे आबा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि जिथे सांगतील तिथे अंगठा लावत गेले. कशावर लावतोय हे त्यांना कोणी वाचून दाखवत नसे. अंगठा लावून आले की ते तो शाईचा अंगठा मातीत घासायचे, घरात शिरायच्या आधी. पप्पांना पहिली नोकरी लागली तेव्हा आबा गावाहून एसटीने धुळ्याला आले होते, नुसतं मुलगा हजेरीवर सही करताना पाहायला. दारातून पाहिलं, आणि कोणी आत बोलवायच्या आधीच परत स्टँडवर गेले. ही गोष्ट आमच्या घरात वर्षातून एकदा तरी निघायची, आणि सांगताना पप्पा नेहमी त्याच ठिकाणी थांबायचे. त्यामुळे आता घरात एकच प्रश्न होता. सही येणार, की अंगठा लावावा लागणार. नव्या वर्षात कामावर रुजू व्हायचं तर तिथेही सही लागणारच होती. पप्पा माझी कोरी वही घेऊन बसायचे. मम्मीने पेनाला चिंधी गुंडाळून जाड करून दिलं होतं. ते पेन मुठीत धरून, जीभ दातांत धरून पप्पा आपलं नाव लिहायला जायचे. जितकं निरखून पाहायचे तितकं ते बिघडायचं. एकदा त्यांनी वही भिरकावली. ती मिक्सरच्या टेबलाखाली गेली, आणि मी ती तशीच उचलून कागदाच्या बादलीत भिजत घातली.

कागदाचं काम मला शाळेतून मिळालं होतं. मी इंग्रजी शाळेत जायचे. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पहिलीच. शाळा ननांची होती. तिथे मी बोलत नसे. इंग्रजी येत नव्हतं असं नाही, चांगलं यायचं, पण प्रत्येक वाक्य मी मनात दोनदा तपासून पाहायचे, आणि तोपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. वर्गात मला कोणी त्रास दिला नाही. मी आहे हे बऱ्याच जणींच्या लक्षातच नसायचं, आणि मला ते सोयीचं होतं. सिस्टर ॲग्नेस मुख्याध्यापिका होत्या आणि हस्तकलाही त्याच शिकवायच्या. उंच, घाईघाईने चालणाऱ्या. न बोलणारी मुलगी काम करते, असा त्यांचा ठाम समज होता. त्यांनी मला एकटीला बोलावून सांगितलं की ख्रिसमसच्या कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येक पालकाला घरी केलेलं कार्ड द्यायचं आहे, कागदसुद्धा आपण केलेला, आणि ते तू करशील. मी मान हलवली. घरी येताना वाटेत मला कळलं की आपण शंभरएक कार्डांना हो म्हणून आलो आहोत.

पण मला ते काम आवडायला लागलं. जुन्या वह्यांची पानं फाडून रात्रभर भिजवायची, सकाळी ती भाताच्या पेजेसारखी होतात. मिक्सरमधून काढायची. फोटोच्या जुन्या चौकटीवर मच्छरदाणीचं कापड ताणून ठोकलं होतं, ती चौकट टबातल्या लगद्यात बुडवून आडवी उचलायची, पाणी गळून जातं आणि वर कागदाची साय राहते. ती गोणपाटावर उलटी करायची, वरून जुना टॉवेल दाबायचा. वाळल्यावर गोणपाटाची वीण कागदावर उमटलेली असायची, बोट फिरवलं की खरबरीत लागायची. जळगावहून मामाने केळीच्या खोडाचा सोलून वाळवलेला धागा पाठवला होता. तो बारीक कापून लगद्यात टाकला की कागदात सोनेरी रेघा यायच्या. सगळी गच्ची त्या कागदांनी भरायची. धुळ्याच्या थंडीत ऊन कडक असतं, वाराही असतो. एकदा एक कागद उडून शेजारच्यांच्या वाळत टाकलेल्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांत जाऊन पडला, आणि त्यांच्या सूनबाईंनी तो दुपारी बिबड्यांबरोबर डब्यात भरला.

आनंदाभाऊ शनिवारी यायचे. ते पप्पांच्या कार्यालयात शिपाई होते, वयाने पप्पांपेक्षा मोठे, पण पप्पांना भाऊसाहेब म्हणायचे आणि अहिराणीतच बोलायचे. हातात नेहमी काहीतरी असायचं, मेथीची जुडी, नाहीतर गावाकडची मिरची. ते पहिल्यांदा ते कागद बघून म्हणाले, "काय व स्नेहू, हाई काय वाळत घाली राह्यनी? पापड का?"

"कागद आहेत, भाऊ."

"कागद?" ते कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. "आमना हाफिसमा इतला कागद पडेल शेतस, अन तू घरमा नवा बनाडी राह्यनी!"

पप्पा खुर्चीतून म्हणाले, "आनंदा, तिला चिडवू नको. तिचं काम अडलंय."

खरंच अडलं होतं. कार्डावर चांदणी उमटवायची होती. मी बटाट्याचा ठसा करून पाहिला, पण खरबरीत कागदावर बटाटा नुसता पाणी सोडायचा आणि चांदणीचा डाग व्हायचा. मग रबरी चपलेचा तळ ब्लेडने कापून चांदणी केली, पण ती धरायला काही नव्हतं. आनंदाभाऊंनी ते चपलेचं चांदणीसारखं रबर तळहातावर घेऊन पाहिलं. "ठप्पा जोयजे का तुले? मंग माले सांगानं व्हतं ना." पुढच्या शनिवारी त्यांनी कापडी पिशवीतून टेबलावर टाकाऊ शिक्के ओतले. रबर झिजलेले, चिरलेले, फेकायला काढलेले. एक वाळून गेलेलं लाल पॅडही होतं, 'तातडीचे' या शिक्क्यासाठी वापरायचे तसलं. पप्पांनी डाव्या हाताने ते शिक्के एकेक करून चाळले. एकाची लाकडी मूठ काळी आणि गुळगुळीत झाली होती. तो त्यांनी बाजूला ठेवला. भाऊ म्हणाले, "वळखीना ना? तुमनाच शे." त्याचं झिजलेलं रबर आम्ही कोमट पाण्यात सोलून काढलं आणि तिथे माझी चांदणी चिकटवली.

मी लगेच एक कार्ड घेतलं आणि जोरात ठोकलं. अर्धीच चांदणी आली, कडा फुटलेल्या. दुसरं ठोकलं, तेही तसंच. पप्पा बघत होते. "मारू नको," ते म्हणाले. "टेकव. मग वजन दे. आणि सरळ वर उचल." मला जमेना. कागद खरबरीत, शाई उंचवट्यांवरच राहायची. "आण इकडे." त्यांनी डाव्या हाताने करून पाहिलं, तिरकं गेलं. मग त्यांनी शिक्का कार्डावर टेकवून ठेवला. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात उचलला, उचलून शिक्क्याच्या मुठीवर ठेवला आणि खांद्यातून, सगळं अंग पुढे आणून, खाली रेटलं. स्वयंपाकघरात मम्मी वांग्यांना तेल लावत होती. ती तशीच, तेलाचा हात वर धरून, दारात आली. शिक्का उचलला तेव्हा चांदणीची तीन टोकं नीट उमटली होती, दोन नव्हती.

"दोन राहिली," पप्पा म्हणाले.

"भाऊसाहेब," आनंदाभाऊ म्हणाले, "तो पिवळा चेंडू फेकी द्या. तुमना हातले खेळ नही, काम जोयजे. बठ्ठं हाफिस इचारस, भाऊसाहेब कधय येतीन."

पप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "स्नेहू, दुसरं दे," म्हणाले.

त्यानंतर ते रोज ठसे मारायला लागले. मी शाळेतून यायच्या आत पप्पा टेबल पुसून, पॅडवर शाई घालून तयार असायचे. पहिले काही दिवस डावा हात उजव्याला उचलून ठेवायचा. मग फक्त मनगटाला आधार द्यायचा. मग मला वाटलं की आधार नुसताच सोबतीला आहे. आम्ही याबद्दल एकमेकांशी काही बोललो नाही. आमच्याकडे चांगलं काही होत असलं की कोणी बोलत नाही, जणू नाव घेतलं तर ते थांबेल. मम्मी तेवढी संध्याकाळी वाळलेली कार्डं गोळा करताना प्रत्येकावरची टोकं मोजायची, ओठ हलवत. सहीची वही मात्र पप्पांनी पुन्हा मागितली नाही. चिंधी गुंडाळलेलं पेन त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं, कारण खिशात पेन नसलं की त्यांना उघडं वाटायचं.

कार्डं द्यायच्या आदल्या दिवशी मम्मी जळगावला माहेरी गेली होती, संध्याकाळी परत येणार होती. शाळेत कार्यक्रमाची तालीम होती, मी नाटकात मेंढी होते, मेंढ्यांना बोलायचं नव्हतं. घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकायला जागा नव्हती. उरलेली सगळी कार्डं पप्पांनी एका दिवसात संपवली होती आणि वाळायला पसरली होती, दारापासून सुरुवात करून फरशीवर, दिवाणावर, खिडकीच्या कट्ट्यावर. सगळ्यांवर लाल चांदण्या, पाचही टोकांच्या. आणि प्रत्येक चांदणीवर, अर्धी चांदणीवर आणि अर्धी कागदावर येईल अशी, निळ्या पेनाने काहीतरी केलेलं.

मी बूट न काढता दारातच उभी राहिले. माझ्या पायाशी होती त्यांच्यावर नुसते ओरखडे होते. मधे फरशीवर, ओरखड्याला एक वेटोळं आलं होतं. दिवाणावरच्या कार्डांवर वेटोळ्यातून एक काना वर निघाला होता. आणि खिडकीत, जिथे शेवटची होती, तिथे 'भा. सो.' होतं, खाली एक रेघ, रेघेखाली तारीख. भास्कर सोनवणे. वाकडं होतं, पण वाचता येत होतं.

"झाली सगळी," पप्पा म्हणाले. आवाजात किती दिवसांनी मोकळेपणा होता. मग त्यांनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि स्वतःही तिकडे पाहिलं. पेन अजून हातात होतं. त्यांनी हाताकडे पाहिलं. "अरे," ते म्हणाले. "हे काय करून बसलो मी. तुझी कार्डं..." मी वाकून पायाशी असलेलं एक कार्ड उचललं. "शिक्का मारला की सही करतोच ना आपण," ते स्वतःला समजावल्यासारखं म्हणाले. "शिक्का आहे आणि सही नाही, तर तो कागद आलाच नाही असं धरतात."

मी पुढे अनेकदा त्यांना विचारलंय की खरंच कळलं नव्हतं का. ते म्हणतात, रेडिओवर जुनी गाणी लागली होती, मी ऐकत होतो. इतकंच. मला ते खरं वाटतं. वहीत नाव लिहिताना ते हाताकडे बघायचे, त्या दिवशी बघत नव्हते. पण हे आजचं शहाणपण. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मी महिनाभर केलेल्या कार्डांपैकी निम्म्याहून जास्त कार्डांवर सरकारी सही आहे आणि ती उद्या सकाळी सिस्टर ॲग्नेसच्या टेबलावर ठेवायची आहेत. आणि त्याच वेळी मला ती कार्डं दुसऱ्या कोणाला द्यायचीच नव्हती.

"ही नको नेऊ," पप्पा म्हणाले. "सिस्टर काय म्हणतील. मुली हसतील तुला."

तेवढ्यात मम्मी आली. हातात हिरव्या वांग्यांची पिशवी, खांद्याला केळ्यांची फणी. ती दारात अडखळली. "अहो, पोरीची कार्डं..." ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि कार्डांच्या मधून, पाण्यातून चालावं तशी, पाऊल जपत खिडकीपर्यंत गेली. तिथलं एक उचललं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "ही बँकेत चालेल का?"

पप्पा म्हणाले, "ही माझी जुनी सही नाही. जुळणार नाही."

"मग त्यांना नवी सांगा," मम्मी म्हणाली आणि वांगी भाजायला गेली. त्या दिवशी भरतात तिने मीठ दोनदा घातलं. आम्ही तिघांनी ते तसंच संपवलं.

सकाळी मी कार्डांचं खोकं घेऊन सिस्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी वरचं कार्ड उचललं, कागदावरून बोट फिरवलं, त्यांना आवडलं ते दिसलं. मग चष्मा वर केला. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. "हे काय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "आमचा ख्रिसमस सरकारने मंजूर केला का?" त्या गंमत करत होत्या की रागावल्या होत्या, मला समजलं नाही. मी नेहमीसारखी गप्प राहिले असते तर त्यांनी ती बाजूला ठेवली असती आणि मला जा म्हटलं असतं. मी वाक्य मनात तपासलं नाही. मी सांगायला लागले. बँक, आबा, चेंडू, शिक्का, सगळं उलटसुलट. इंग्रजीत सांगत होते, पण अंगठ्यापाशी अडले. त्याला इंग्रजीत शब्द आहे, मला येत होता, पण तो शब्द म्हणजे नुसतं एक बोट होतं, त्यात आबा नव्हते. मग पुढचं मी मराठीतच सांगितलं, मुख्याध्यापिकांच्या खोलीत, जिथे मराठी बोलायची नसते. सिस्टरनी अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "यातली पहिली कोणती?" मी खोक्याच्या तळातून ओरखड्यांची काढून दिली. त्यांनी ती आणि शेवटची शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाल्या, "सगळी वाटायची. आणि वडिलांना घेऊन ये. पुढच्या रांगेत बसव."

पप्पा आले, पण मागच्या रांगेत बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या हाताने उजवा धरलेला. दारात आम्ही मुली कार्डं देत होतो. कोणाचे तरी वडील कार्ड उघडून, उलटून, परत सुलटून म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण आवक नंबर कुठाय?" धुळ्यात दर दुसऱ्या घरी कोणीतरी कचेरीत असतं, त्यामुळे आजूबाजूचे सगळे हसले. मी घाबरून पप्पांकडे पाहिलं. ते हसत होते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं बँकेत गेलो. निघताना मम्मीने मला दोनदा बजावलं होतं, हात धरू नको, नुसती जवळ उभी राहा. गर्दी होती. तेच साहेब होते. त्यांनी पप्पांना ओळखलं, उठून नमस्कार केला. "काका, साक्षीदार आणले?" असं म्हणत शाईचं पॅड पुढे घेतलं.

"नाही," पप्पा म्हणाले. "नवी सही नोंदवायची आहे."

साहेबांनी एकदा त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग पॅडचं झाकण लावलं, कागद काढला आणि तीन ठिकाणी बोट ठेवलं. "इथे, इथे आणि इथे. सावकाश." पप्पांनी खिशाला हात लावला, तर चिंधीचं पेन घरीच राहिलेलं. शर्ट बदलला होता. मी घरी पळत जाऊन आणते म्हटलं. ते नको म्हणाले. काउंटरवर बँकेचं बारीक पेन होतं, दोरीने बांधलेलं. पप्पांनी ते डाव्या हाताने उजव्या हातात बसवलं.  त्यांनी कागदाकडे एकदा पाहिलं, जागा पाहून ठेवली आणि मग मान वर करून साहेबांना विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"नशिराबादचे," साहेब म्हणाले.

"मग आमच्या सासुरवाडीकडचेच की," पप्पा म्हणाले. जळगावकडे किती थंडी आहे, यंदा भरताची वांगी कशी निघाली, असं बोलत राहिले, आणि पेन चालत होतं. भा. सो. खाली रेघ. पुन्हा भा. सो. तिसरीला दोरी अपुरी पडली, साहेबांनी कागदच त्यांच्याकडे सरकवला. झालं. साहेबांनी कागद उचलून तिन्ही सह्या पाहिल्या, आपली सही खाली केली आणि म्हणाले, "आता हीच चालवायची, काका. बदलायची नाही."

पप्पांनी मान डोलावली. ते निघायला वळले, पण निघता येईना. मूठ मिटायला शिकली होती, उघडायला अजून नाही. पेन बोटांत घट्ट, पेनाला दोरी, दोरी काउंटरला. त्यांनी डाव्या हाताने एक बोट सोडवून पाहिलं, दुसरं मिटलं. मी मम्मीचं बजावणं विसरले. दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि एकेक बोट उघडायला लागले. करंगळी, मग तिच्या शेजारचं. हात गरम होता आणि त्याला ताकद होती, मला जोर लावावा लागत होता. मागे रांग थांबली होती. कोणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

पप्पा वळून म्हणाले, "सही झाली."